दिवा लागला नव्हता

गाड्या बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या चाचणी विभागात त्याला सगळे 'डिग्री' म्हणत. कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षालाच सोडलं होतं, त्यामुळे खरी डिग्री काही त्याच्याकडे नव्हती. पण दिवसभर काम तापमान मोजण्याचं आणि तोंडात सतत आकडे, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. नवीन आलेले इंजिनिअर पहिला आठवडा त्या नावाला हसायचे. दुसऱ्या आठवड्यात तेच हाक मारायचे, "डिग्री, जरा बघता का, माझा आकडा नाचतोय."

दोन वेगवेगळ्या धातूंच्या केसासारख्या बारीक तारा घ्यायच्या, त्यांची टोकं वितळवून खसखशीच्या दाण्याएवढा जोड करायचा आणि तो दाणा इंजिनाच्या नळीत नेमका जिथे हवा तिथे बसवायचा. दाणा तापला की तारांतून किंचित वीज निघते, तिच्यावरून तापमान कळतं. जोड करायला सगळे शिकले होते. कुठे बसवायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. नळीच्या मधोमध, वाहत्या हवेत, कशालाही न टेकता. "भिंतीला टेकलेली तार भिंतीचंच गाणं गाते," असं तो म्हणायचा. "आपल्याला हवेचं ऐकायचंय."

घरीही हीच तऱ्हा. कुणाला ताप आला तर तो आधी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासायचा आणि मगच माणसाला लावायचा. बायको म्हणायची, "यांची खात्री होईपर्यंत आपला ताप उतरलेला असतो."

हे लग्न जुळवलं होतं तिच्या थोरल्या भावाने. तो त्याच विभागात चाचणी चालक होता आणि त्याला सगळे वस्ताद म्हणत. आडदांड, बोलका, स्टिअरिंगवर मात्र हात लोण्यासारखा. पाच वर्षं डिग्रीच्या शेजारी काम केल्यावर त्याने घरी जाऊन वडिलांना सांगितलं होतं, "माणूस रटाळ आहे. पण आकडा बदलत नाही. आपल्या पोरीला असाच पाहिजे." वडील, म्हणजे आबा, तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसलेले. त्यांनी एकच विचारलं, "दारू?" वस्ताद म्हणाला, "चहासुद्धा मोजून पितो." लग्न ठरलं. तेव्हापासून वस्ताद त्याला कारखान्यात डिग्री म्हणायचा आणि घरी जावईबापू.

पंधरा वर्षं दोघांनी एकत्र गाड्या पळवल्या. वस्ताद पुढे, डिग्री मागच्या सीटवर, मांडीवर आकडे टिपणारं यंत्र. वस्ताद विचारायचा, "काय म्हणतंय पोट?" आणि डिग्री आकडा सांगायचा. एवढंच बोलणं, पण त्यात तासनतास जायचे. दोघांच्या बायका म्हणायच्या, यांचं लग्न एकमेकांशीच व्हायला हवं होतं.

मग ते नवीन इंजिन आलं.

इंजिन छोटं होतं, पण त्याला टर्बो होता. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्याची ताकद दाखवतं. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हवा भरताना चटका देतं, तसंच. टर्बोतून निघालेली हवा दीडशे अंशांच्या घरात असते. ती पुढे कूलरमधून नेऊन थंड करायची आणि मग इंजिनाला द्यायची. ती पुरेशी थंड झाली नाही, तर पेट्रोल वेळेआधीच भडकतं, इंजिन आतून ठोके मारायला लागतं आणि पिस्टन फुटतो. म्हणून हवा इंजिनात शिरते तिथेच, मॅनिफोल्डच्या तोंडाशी, एक सेन्सर बसवलेला होता. हवा पंच्याहत्तर अंशांवर गेली की गाडीचा संगणक इंजिनाचा जोर कमी करायचा आणि चालकासमोर लाल दिवा लागायचा. त्या लाल दिव्याबद्दल विभागात एकच नियम होता: दिवा लागला की पाय काढायचा, मग कुणी काही म्हणो.

उन्हाळी चाचणी एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या रस्त्यावर व्हायची. उभा चढ, अकरा वळणं, दोन्ही बाजूंना उघडे खडक. पायथ्याशी पत्र्याची शेड, आत एक टेबल, पाण्याचे दोन माठ आणि वॉकीटॉकी. त्या वर्षी बाहेर त्रेचाळीस अंश होते. गाडीत पाच माणसांचं वजन घेऊन चढायचं होतं. चौथ्या वळणापर्यंत सगळं ठीक चालायचं. सहाव्याला दिवा लागायचा, गाडीचा जोर जायचा आणि ती दमेकऱ्यासारखी कशीबशी वर पोचायची. सलग सहा दिवस हेच झालं.

विभागाचे साहेब सातव्या दिवशी स्वतः शेडमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. डिग्रीची आई आजारी होती तेव्हा त्यांनी न विचारता महिनाभर सुट्टी दिली होती, आणि त्या उपकाराची कधी आठवण करून दिली नव्हती. त्या दिवशी वस्ताद नव्हता. त्याच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तो चार दिवस रजेवर होता. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"गाडी दम सोडते," ते म्हणाले, "आणि वरचे लोक माझा दम काढतात."

"कूलर लहान पडतोय साहेब. मी पहिल्याच दिवशी लिहिलंय."

"वाचलंय. मोठा कूलर येतोय पुढच्या महिन्यात. पण चढाचा कागद मला या आठवड्यात द्यायचाय." त्यांनी कूलरच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सेन्सर इथे बसवला तर?"

"तिथली हवा हलत नाही. कोपरा आहे तो. शिवाय बाहेरून पंख्याचा वारा लागतो त्याला. इंजिनात जाते ती हवा वेगळी."

"पण हवाच आहे ना?"

डिग्री फडक्याने बोटं पुसत राहिला.

"फक्त या फेरीपुरतं," साहेब म्हणाले. "मोठा कूलर आला की परत जागेवर. तुला मी खोटा आकडा लिहायला सांगत नाहीये. सेन्सर जे दाखवेल तेच लिही."

हे बोलणं त्याला पुढे पुन्हा पुन्हा आठवायचं, कारण त्यात चुकीचा शब्द एकही नव्हता. आकडा बदलायला सांगितलं असतं तर त्याने सरळ नाही म्हटलं असतं. आकडा बदलायचाच नव्हता. जागा बदलायची होती, आणि जागा ठरवण्याचा अधिकार पंधरा वर्षं त्याचाच होता.

त्याने जागा बदलली. कूलरच्या कोपऱ्यात भोक पाडून सेन्सर बसवला. मॅनिफोल्डचं भोक लगेच बुजवलं नाही. सवयीने तिथे आपली तार घातली आणि बदली चालकाला घेऊन एक फेरी मारली. नवव्या वळणावर कोपरा सहासष्ट म्हणत होता आणि मॅनिफोल्ड चौऱ्याऐंशी. दिवा लागला नाही. गाडी जोरात वर गेली. दोन्ही आकडे त्याने खिशातल्या वहीत उतरवले. मग खाली येऊन तार काढली, भोकात पितळी बूच घट्ट बसवलं आणि बदलाच्या कागदावर सही केली. साहेबांची सही त्या कागदावर लागत नव्हती.

दोन दिवसांनी वस्ताद कामावर आला. पहिल्याच फेरीला सहावं वळण गेलं, सातवं गेलं, आणि त्याने आरशातून मागे बघितलं.

"काय रे, आज दिवा नाही? बरा झाला का आजार?"

"झाला," डिग्री म्हणाला.

एकाच शब्दाची ती गोष्ट. वस्ताद खुश झाला, शीळ घालत वर गेला. डिग्रीला वाटलं, वर पोचलो की सांगू. वर पोचल्यावर वस्तादने बायकोच्या डोळ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली: पट्टी सोडल्यावर तिने पहिल्यांदा काय बघितलं, तर म्हणे छताला लागलेली जाळी, आणि नवऱ्याला तिथल्या तिथे बोलणी. डिग्री हसला. सांगायचं उतरताना, असं त्याने ठरवलं. उतरताना आकडे टिपायचे होते. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं, हे विचारलं गेलं असतं. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी गाडीत माणसांऐवजी वाळूची पोती भरली. सलग दहा फेऱ्या, मधे थांबायचं नाही. मागे कुणी बसायचं नव्हतं. डिग्री शेडमध्ये वॉकीटॉकीपाशी होता, साहेब बाजूला खुर्ची टाकून. दुपारचे सव्वादोन झाले होते. सातव्या फेरीला वस्तादचा आवाज आला.

"डिग्री, ठोकतंय रे. हलकं आहे, पण आहे. दिवा मात्र नाही. काय करू?"

त्याने बटणावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. साहेबांकडे बघितलं.

"दिवा नाही ना?" साहेब म्हणाले. "कुठे आहे?"

"नवव्या वळणावर," डिग्री वर उडणाऱ्या धुळीकडे बघून म्हणाला.

"मग राहिलंय किती. जाऊ दे वर, तिथे बघू."

डिग्रीने बटण दाबलं. "थोडंच राहिलंय, वस्ताद. घे वर."

"घेतो," वस्ताद म्हणाला.

त्यानंतर एक फटका ऐकू आला. वॉकीटॉकीतून नाही, डोंगरावरून. पिस्टन फुटला, आतल्या दाबाने तेल उसळलं आणि लाल झालेल्या टर्बोवर सांडलं. शेडमधून आधी पांढरा धूर दिसला, मग काळा. वस्तादने गाडी आतल्या बाजूला खडकाला टेकवून थांबवली होती. तसं केलं नसतं तर ती खाली गेली असती. चाचणीच्या गाडीत चार पट्ट्यांचा बेल्ट असतो. तो सोडायला दोन्ही हात लागतात, आणि जाळ डॅशबोर्डच्या खालून येत होता. डिग्री आणि मदतीची गाडी वर पोचली तेव्हा वस्ताद रस्त्यावर बसलेला होता, हात समोर धरून, जणू ते कुणी दुसऱ्याने त्याच्याकडे सांभाळायला दिलेत.

नऊ दिवस तो जळितांच्या वॉर्डात होता. दारावर काच होती. आत एका वेळी दोघांनाच सोडायचे, तेही तोंडाला कापड आणि अंगात हिरवा डगला घालून. सहाव्या दिवशी डिग्री आणि त्याची बायको आत गेले. वस्ताद जागा होता. ओठ सुजलेले, आवाज घोगरा.

"दिवा लागला नव्हता रे," तो म्हणाला. "तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मी बघत होतो. डोळा ठेवून होतो."

"माहीत आहे, वस्ताद. बोलू नकोस."

बायकोने भावाच्या पायाला हात लावला. बाकी कुठे लावता येत नव्हता. तीन दिवसांनी वस्ताद गेला, सकाळी, नर्स चादर बदलत असताना.

दीड महिन्याने कारखान्याच्या समितीचा अहवाल आला. एक प्रत वस्तादच्या घरी पाठवली होती. तापमानाचा इशारा आणि इंजिनाचा आवाज यांकडे चालकाने दुर्लक्ष केलं, असं तिच्यात होतं. संगणक जळून गेला होता, तेव्हा दिवा लागला होता की नाही याची नोंद उरली नव्हती. इतकं तापून इंजिन फुटलं म्हणजे दिवा लागलाच असणार, असं समितीने धरलं होतं. साहेबांनी त्यांना काय सांगितलं, ते डिग्रीला कळलं नाही. त्याला विचारलं होतं, सेन्सर चालू होता का? तो म्हणाला होता, चालू होता. तेही खरंच होतं. जागेबद्दल कुणी विचारलं नाही, आणि बदलाचा कागद साहेबांच्या कपाटातच राहिला.

आबांनी तो कागद सुनेकडून वाचून घेतला आणि मग मुलीला आणि जावयाला बोलावून घेतलं.

आबांची खोली रस्त्याच्या बाजूला होती. लोखंडी कॉट, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर ट्रकच्या टायरच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर. म्हातारा कॉटवर ताठ बसला होता. सून, म्हणजे वस्तादची बायको, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बस," आबा म्हणाले. "मी तीस वर्षं गाडी चालवली. एकदाही इंजिन जाळलं नाही. पोराला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की गाडी बोलते, तिचं ऐकायचं. आता हे लोक म्हणतात त्याने ऐकलं नाही." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "पोरगं गेलं ते गेलं. त्याला काही मी परत आणत नाही. पण तू पंधरा वर्षं त्याच्या मागे बसलास. तूच सांग. लाल दिवा लागलेला असताना तो गाडी रेटेल का?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

"दादा स्वतः म्हणाला होता, दिवा लागला नव्हता," बायको मधेच म्हणाली. तिने नवऱ्याकडे वळून बघितलं. "तुमच्यासमोर म्हणाला. तुम्ही म्हणालात, माहीत आहे. तुम्हाला कसं माहीत होतं? तुम्ही तर खाली होतात."

हा प्रश्न ती दीड महिना पोटात घेऊन फिरत होती, हे त्याला तेव्हा समजलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वर ओढलं. त्याने सगळं सांगितलं. कूलरचा कोपरा, पितळी बूच, सहासष्ट आणि चौऱ्याऐंशी. वस्तादने आरशातून विचारलेलं आणि त्याने 'झाला' म्हटलेलं. वॉकीटॉकीवर वस्तादने काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, तेसुद्धा. सांगताना तो साहेबांवर फार थांबला नाही. थांबता आलं असतं, पण आबांच्या डोळ्यांसमोर ते नाव घेताना त्याला आपलाच आवाज चोरासारखा वाटला.

कुणी रडलं नाही. दारातली वहिनी खाली बसली, एवढंच.

"त्याने विचारलं होतं?" आबांनी विचारलं. "काय करू, असं विचारलं?"

"हो."

"म्हणजे त्याने ऐकलं होतं."

"ऐकलं होतं, आबा. त्यानेच पहिल्यांदा ऐकलं."

म्हाताऱ्याने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "हे तू माझ्यासमोर बोललास. आता जिथे बोलायचं तिथे जाऊन बोल. आणि ह्या घरात परत पाय ठेवू नकोस."

कारखान्याबाहेरच्या अपघात तपासणीच्या कार्यालयात एक पन्नाशीच्या तपासनीस बाई होत्या. त्यांनी त्याचं सगळं बोलणं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले दिसता. यातून तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"पुरावा?"

त्याने खिशातली वही पुढे केली. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, वही कुणीही कधीही लिहू शकतो. तेव्हा तो म्हणाला, गाडी अजून शेडमागे ताडपत्रीखाली पडलेली आहे. मॅनिफोल्ड लोखंडी आहे, जळलेलं नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तिथे गेले. कारखान्याचे दोन अधिकारी बरोबर होते. साहेब आले होते, पण लांब उभे राहिले. ताडपत्री काढल्यावर अजून जळक्या रबराचा वास आला. डिग्रीने राखेतून, वितळलेल्या प्लॅस्टिकमधून हात घालून मॅनिफोल्डचं तोंड शोधलं आणि फडक्याने पुसलं. काळ्या लोखंडात पितळी बूच होतं. बाईंनी हातमोजा काढून त्यावर बोट फिरवलं.

"इथे सेन्सर असायला हवा होता?"

"हो."

"आणि हे कुणी बसवलं?"

"मी."

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "जागा कुठली योग्य ते बघ, एवढं मी त्याला म्हणालो होतो. जागा नेहमी तोच ठरवतो. कागदावर सही बघा."

कागदावर सही एकच होती. डिग्रीने ती नाकारली नाही. साहेबांशी वादही घातला नाही. वाद घालायला माणसाकडे थोडी तरी स्वच्छ जागा लागते उभं राहायला, आणि त्याच्याकडे ती नव्हती. वॉकीटॉकीच्या वेळी शेडमध्ये कोण कोण होतं, हे त्याने सांगितलं. साहेबांनी ते मान्य केलं, पण आपण काही बोललो होतो हे त्यांना आठवत नव्हतं.

नवीन अहवालात चार ओळी बदलल्या. 'चालकाला तापमानाचा कोणताही इशारा मिळालेला नव्हता. आवाज लक्षात येताच त्याने विचारणा केली होती.' वस्तादच्या नावावरचा डाग तेवढ्याने पुसला गेला. सेन्सर चुकीच्या जागी बसवल्याबद्दल डिग्रीला कामावरून काढलं. साहेबांची दुसऱ्या विभागात बदली झाली. मोठा कूलर आला, तो बसवला गेला आणि गाडी बाजारात आली. चांगली चालते, असं लोक म्हणतात.

वहिनीने नवीन कागद आबांना दोनदा वाचून दाखवला. आबांनी तो घडी करून उशाखाली ठेवला. जावयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले तेव्हा डिग्री रस्त्यापलीकडे उभा होता. आत ये, असं कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

बायको सोडून गेली नाही. लोकांना ते मोठं वाटलं. घरात ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, दूध आणायचं राहिलंय एवढं सांगायची. शनिवार-रविवार वहिनीकडे राहायची. भावाचा विषय तिने त्याच्याजवळ एकदाच काढला, भाजी निवडताना, मान वर न करता.

"तीन दिवस होते तुमच्याकडे," ती म्हणाली. "तीन दिवस तुम्ही एकाच गाडीत बसलात."

"हो."

"मला तेवढंच कळत नाही. बाकीचं सगळं कळतं मला. साहेब कळतो, नोकरी कळते. ते तीन दिवस कळत नाहीत."

त्याने खूप शोधलं. खरं उत्तर असं होतं की, वस्तादच्या नजरेतून उतरायला तो घाबरला होता. ज्या माणसाने 'हा आकडा बदलत नाही' म्हणून त्याला घरात आणलं, त्याला हे सांगणं जिवावर आलं होतं. पण हे तिला सांगितलं असतं, तर भाऊ गेला तो नवऱ्याच्या लाजेपायी, असा त्याचा अर्थ झाला असता. आणि तसाच तो होता.

"मलाही नाही कळत," तो म्हणाला. ती भाजी निवडत राहिली.

आता तो रेडिएटर दुरुस्तीच्या एका दुकानात काम करतो. गळकी जागा शोधायची, कथील वितळवून डाग द्यायचा, पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघायचं. मालक त्याला डिग्री म्हणत नाही, त्याला ते नाव माहीतच नाही. तो 'काका' म्हणतो. काम नीट होतं. गिऱ्हाईक कधी विचारतं, आता तापणार नाही ना? तो म्हणतो, मी एवढीच जागा बुजवलीय, बाकीचं मला माहीत नाही. मालकाला हे आवडत नाही. गिऱ्हाइकाला धीर द्यावा माणसाने, असं तो म्हणतो.

एकदा दुपारी बस थांब्यावर वहिनी भेटली. हातात औषधांची पिशवी होती, डोळ्यांवर काळा चष्मा. दोघांना एकमेकांना टाळता आलं असतं, पण थांब्यावर सावली एकच होती.

"बरे आहात?" तिने विचारलं.

"आहे. तुमचे डोळे?"

"दिसतं." पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती म्हणाली, "लोक विचारतात मला. मी सांगते, त्यांनी खरं सांगितलं म्हणून माझ्या माणसाचं नाव राहिलं, माझा राग नाही त्यांच्यावर." तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. "ते खरं नाही. तुम्हाला ते माहीत असावं, म्हणून सांगितलं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

बस आली. तिने एका हाताने पिशवी सावरली, दुसऱ्याने दांडा धरला आणि ती चढली. खिडकीतून तिने बाहेर बघितलं नाही. त्याची जेवणाची सुट्टी संपत आली होती. तो दुकानाच्या दिशेने चालू लागला.